जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट आणि बाहेरचे बेल्ट : गिऱ्हाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं गॅरेज आहे. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला फौंड्रीचं काम, आणि दारात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी झेन नाहीतर सँट्रो. नव्या गाड्या शोरूमला जातात. आमच्याकडं येतात त्या पंधरा-वीस वर्षं झालेल्या, विकायला जीव होत नाही अशा. त्यांचे मालक बेल्टबद्दल जे विचारतात, ते इथं एका जागी लिहिलंय. गाडी सोडून चहाला जाण्याआधी वाचलंत तर माझा घसा वाचेल.

टायमिंग बेल्ट आणि फॅन बेल्ट एकच ना?

नाही. बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या बाजूला जे उघडे काळे पट्टे दिसतात, ते बाहेरचे बेल्ट. अल्टरनेटर (आपल्याकडं त्याला अजून डायनॅमोच म्हणतात), एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपसुद्धा, हे सगळं ते फिरवतात. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि त्याला दात असतात. खालचा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि वर हेडमधला, म्हणजे इंजिनच्या डोक्यातला, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना तो एकमेकांशी बांधून ठेवतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक, या हिशेबावर व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. बाहेरचा बेल्ट जरा घसरला तर लाइट मंद होते, एसी गार करत नाही, एवढंच. टायमिंग बेल्ट एक दात सरकला तरी सगळा हिशेब चुकला.

‘फॅन बेल्ट’ हे नाव ॲम्बॅसडर-पद्मिनीच्या काळातलं. तेव्हा तो पट्टा खरोखर रेडिएटरचा पंखा फिरवायचा. मारुती ८०० पासून पंखा मोटरवर गेला, नाव मात्र राहिलं.

माझ्या गाडीत बेल्ट आहे की चेन, कसं ओळखायचं?

मारुती ८००, ओम्नी, पेट्रोल झेन, एस्टीम, जिप्सी, अकराशे सीसीची जुनी वॅगनआर, सँट्रो, जुनी ॲक्सेंट, पॅलिओचं ‘फायर’ नावाचं इंजिन, जुनी डिझेल इंडिका, १९९८ ची पहिली होंडा सिटी : या सगळ्या बेल्टवाल्या. पद्मिनी आणि ॲम्बॅसडरला त्याच कामासाठी बेल्टच्या जागी चेन.

नावावर मात्र जाऊ नका. पहिली पेट्रोल स्विफ्ट, १.३ लिटरची, बेल्टवर, नंतरची १.२ चेनवर, डिझेल स्विफ्टही चेनवर. अल्टो ८०० ला बेल्ट, अल्टो के-टेनला चेन. आय-टेनच्या १.१ ला बेल्ट आणि १.२ ला चेन. “शेजाऱ्याच्या स्विफ्टला बेल्टच न्हाई म्हणत्यात” असं सांगणारा शेजारी आणि ऐकणारा दोघंही खरे असू शकतात.

कागदपत्रं हाताशी नसतील तर इंजिनच्या बाजूचं कव्हर बघा. चार-सहा छोट्या बोल्टवर बसवलेलं हलकं प्लास्टिकचं कव्हर असेल तर आत बहुतेक बेल्ट आहे. चेनला ऑइल लागतं, म्हणून तिचं कव्हर धातूचं आणि पक्कं सीलबंद असतं.

गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरही फिरत नाही. एकूण तीस-बत्तीस हजार झालेत. तरी बेल्ट बदलायचा?

हो. हे सगळं पान मी खरं तर याच उत्तरासाठी लिहायला घेतलं.

मागच्या पावसाळ्याआधी एक निवृत्त मास्तर मारुती ८०० घेऊन आले. आरशात तोंड दिसेल अशी गाडी. शुक्रवारी अंबाबाईला, महिन्यातनं एकदा कागलला लेकीकडं, बाकी कव्हर घालून पोर्चमध्ये. मीटरवर एकतीस हजार. “मेस्त्री, ऑइल तेवढं बदला, बाकी काय करायचं न्हाई, गाडी फिरल्यालीच न्हाई.” मी वरचं कव्हर खोलून त्यांना बोलावलं. बेल्टची पाठ काचेसारखी चकचकीत झाली होती. बोटानं जरा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा, मे महिन्यात रानाला पडतात तशा. काढून हातात घेतल्यावर एका दाताचा कोपरा माझ्या अंगठ्याखाली भुकटी होऊन पडला. मास्तर बराच वेळ तो पट्टा उलटापालटा करत राहिले.

रबर मीटर बघून म्हातारं होत नाही. इंजिनची उष्णता, हवा आणि वर्षं यांनी ते कडक होतं. उभ्या गाडीत बेल्ट महिनोन् महिने क्रँकच्या छोट्या पुलीभोवती त्याच जागी वाकून पडलेला असतो. गाडी चालत नाही म्हणून ऑइल सील सुकतात आणि एक दिवस तेल सोडतात, ते थेट बेल्टवर. उंदीर-घुशीही उभ्या गाडीतच घर करतात.

दुसरी गोष्ट गावातल्या चालवण्याची. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा मीटर थांबलेला असतो, बेल्ट थांबलेला नसतो. हायवेला पुण्याला जाऊन-येऊन झालेले पन्नास हजार आणि गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झालेले पन्नास हजार यांत इंजिनच्या फेऱ्यांचा फरक मोठा असतो. कमी फिरलेली गाडी म्हणजे कमी झिजलेली गाडी, हे टायर आणि सीटपुरतं ठीक आहे.

मग नक्की कधी बदलायचा?

गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते पहिलं. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांचा आकडा साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या मध्ये असतो. त्याला मी वर्षांची जोड देतो : पाच वर्षं, फार तर सहा. दोन्हींपैकी जे आधी येईल ते.

जुनी गाडी नुकतीच विकत घेतली असेल आणि आधीचा मालक “आत्ताच टाकलाय” म्हणत असेल, तर बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट टाकला नाही असं समजून चाला. आम्ही बेल्ट बदलला की कव्हरवर पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहितो. खोलल्यावर असं काही दिसलं तर आधीचा फिटर नीटनेटका होता म्हणायचं.

तुटला तर काय होतं?

इंजिन बंद पडतं. धडाम वगैरे आवाज बहुतेक वेळा येत नाही. चालता चालता कुणी स्विच बंद केल्यासारखं होतं. मग मालक सेल्फ मारतो, आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भराभरा फिरतो, कारण कॅम थांबलेला असतो आणि इंजिनमध्ये नेहमीसारखा दाब होत नाही. हा हलका आवाज ओळखायला शिका. तो आला की सेल्फ मारणं तिथंच थांबवा. कॅम जिथं थांबलाय तिथं काही व्हॉल्व्ह उघडे लोंबत असतात आणि खालून पिस्टन वर येतोय. ज्या इंजिनमध्ये दोघांची जागा एकमेकांत येते तिथं व्हॉल्व्ह वाकतात. डिझेलमध्ये तर ते ठरलेलंच, कारण तिथं पिस्टन वर आल्यावर जागाच उरत नाही. काही पेट्रोल इंजिनं बनावटीनंच वाचतात. नवा बेल्ट टाकला की सुरू होतात. तुमचं कुठलं आहे हे मात्र तुटायच्या आधी विचारून ठेवायचं.

व्हॉल्व्ह वाकले की हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, सीट घासायच्या, हेड गॅस्केट नवं, ऑइल नवं, कूलंट नवं. कधी पिस्टनवर खड्डाही पडलेला असतो. बेल्टचा खर्च आणि हेडचा खर्च यांची तुलना मी गिऱ्हाइकाला तोंडी सांगत नाही, दोन्ही अंदाज एकाच कागदावर लिहून समोर ठेवतो.

आणि हे तुटणं घरासमोर होत नाही. करूळ घाटात, आंबा घाटाच्या वळणावर, रात्री, मागं उसाची ट्रॉली. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. स्टिअरिंगवर जोर लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून कडेला घ्या. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा.

बाहेरून बघून बेल्ट गेलाय हे कळतं का?

अर्धवट. भेगा, गेलेले दात, कडेचे निघालेले दोरे, तेलानं फुगलेलं रबर दिसलं तर बदलायचाच. पण बेल्टची ताकद रबरात नसून आतल्या काचेच्या धाग्यांत असते, आणि ते धागे डोळ्याला दिसत नाहीत. चांगला दिसणारा बेल्ट चांगला असतोच असं नाही, वाईट दिसणारा मात्र नक्की वाईट असतो.

टायमिंग बेल्टबरोबर आणखी काय काय बदलायचं? की मेस्त्री बिल वाढवतोय?

टेन्शनर बेअरिंग, म्हणजे बेल्टला ताण देणारं चाक. हे बेल्टबरोबर जातंच, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. हातात धरून फिरवलं की नवं बेअरिंग ग्रीस भरल्यासारखं जड, गुपचूप फिरतं. जुनं भिंगरीसारखं खुळखुळत फिरतं. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, किती मोकळं आहे! अहो, ते मोकळं झालंय कारण आतलं ग्रीस संपलंय. असं बेअरिंग अडकलं की नवा बेल्ट एका दिवसात जातो. आयडलर पुली (बेल्टला नुसतं वळण देणारी) असेल तर तिचंही तसंच.

कॅमचं ऑइल सील आणि क्रँकचं पुढचं सील. शंभर-दोनशेची वस्तू, पण ती गळायला लागली की नव्या बेल्टवर तेल पडतं आणि पुन्हा तेवढंच खोलकाम. सील काढताना पेचकसाचा ओरखडा शाफ्टवर उठला तर नवं सीलही गळणार. म्हणून हे काम घाईच्या माणसाला देऊ नका. वरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट तेल सोडत असेल तर तेही आत्ताच.

वॉटर पंपाचं उत्तर गाडीवर आहे. पॅलिओ आणि जुन्या सिटीत पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, म्हणजे पंपाचं बेअरिंग धरलं तर बेल्टही गेला. तिथं पंप बरोबरच बदला. मारुती ८००, झेन, सँट्रोमध्ये पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. तिथं पंपाखाली कूलंटचा डाग नसेल, पुली हलवून खेळ लागत नसेल, तर राहू द्या. “सगळ्यातच पंप बदलायचा असतो” म्हणणाऱ्या मेस्त्रीला एवढंच विचारा : माझ्या गाडीत पंप कुठल्या बेल्टवर आहे?

बाहेरचे बेल्ट तसेही काढावेच लागतात, त्याशिवाय टायमिंग कव्हर निघत नाही. दोन-तीन वर्षं झाली असतील तर नवेच बसवा. मजुरी वेगळी पडत नाही.

दुकानात ‘कुठला देऊ?’ विचारतात. काय सांगू?

गाडी, इंजिन, साल. बाहेरच्या बेल्टसाठी जुन्या बेल्टवरचा नंबर. समजा ४पीके ८५० लिहिलंय, तर चार रेघांचा रिब बेल्ट आणि लांबी ८५० मिलिमीटर. जुन्या व्ही-बेल्टवर १० गुणिले ८१३ असं काही असेल तर पहिला आकडा रुंदीचा, दुसरा लांबीचा. नंबर पुसला असेल तर पट्टा घेऊनच दुकानात जा. पण जुना पट्टा ताणून थोडा लांबलेला असतो, त्यामुळं दोरीनं मोजून आणलेला बेल्ट बऱ्याचदा चुकतो.

टायमिंग बेल्ट घेताना पाकीट बघा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, आणि बेल्ट घडी घालून रबर बँड लावलेला असेल तर परत द्या. टायमिंग बेल्टला घडी घालायची नसते. मुडपला की आतले धागे तिथंच तुटतात, वरून काही कळत नाही. स्वस्त डुप्लिकेट वायपर ब्लेड चालतं, डुप्लिकेट टायमिंग बेल्ट नाही.

हे काम घरी करता येईल का?

बाहेरचे बेल्ट, हो. टायमिंग बेल्ट, ज्याला स्वतःच्या हातावर आणि स्वतःच्या सबुरीवर भरवसा आहे त्यानं. झेनसारख्या गाडीत जागा बरी आहे. सवयीच्या फिटरला दोन-तीन तास लागतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं रविवार मोकळा ठेवावा आणि सोमवारी सकाळी गाडी लागणार नाही अशी सोय करावी.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. इंजिन थंड. पुढचं उजवं-डावं जे चाक बेल्टच्या बाजूला असेल ते काढायचं आणि गाडी स्टँडवर घ्यायची, नुसत्या जॅकवर नाही. स्पार्क प्लग काढले की इंजिन हातानं हलकं फिरतं. बाहेरचे बेल्ट सोडवायचे. क्रँक पुलीचा बोल्ट हा पहिला मोठा डोंगर : गाडी गिअरला टाकून एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं गोटी (सॉकेट पाना) आणि लांब पाइप लावायचा. सेल्फचा झटका देऊन बोल्ट सोडवायची जी युक्ती लोक सांगतात, ती करू नका. पाना सुटला तर हात नाहीतर रेडिएटर, दोहोंपैकी एक जातो.

कव्हर निघालं की घाई संपवायची. क्रँक हातानं फिरवून क्रँकची आणि कॅमची खूण, दोन्ही आपापल्या जागेवर आणायच्या. इंजिन नेहमी त्याच्या चालीच्या दिशेनंच फिरवायचं आणि क्रँकच्या बोल्टवरून. कॅमच्या बोल्टवरून कधीच नाही. जुन्या होंडा सिटीचं इंजिन बाकीच्यांच्या उलट फिरतं हे त्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवायचं. आता मोबाइलवर चार फोटो काढा. जुना बेल्ट काढायच्या आधी दोन्ही खुणांच्या मधले दात मोजून कागदावर लिहा. मग टेन्शनर ढिला करायचा, बेल्ट काढायचा, आणि यानंतर ना क्रँकला हात लावायचा, ना कॅमला.

नवा बेल्ट हातानंच बसला पाहिजे. पेचकस घालून ढकलला तर आतले धागे गेले. ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत बसवायचा, म्हणजे सगळी ढील टेन्शनरच्या अंगाला येते. मग टेन्शनर लावायचा, आणि सेल्फ नाही, पुन्हा हातानं, क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत.

हे दोन फेऱ्यांचं मी एका दिवशी शिकलो. शिकाऊ होतो, उस्ताद जेवायला गेले होते. एस्टीम होती, बेल्ट टाकला, सेल्फ मारला, गाडी सुरू. मला वाटलं, झालं की, यात काय एवढं! दुसऱ्या दिवशी गाडी परत. “पन्हाळ्याच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये घ्यावी लागली राव, आणि सिग्नलला थरथरतीया.” उस्तादांनी कव्हर काढलं, क्रँकची खूण जुळवली आणि काही न बोलता कॅमच्या खुणेवर बोट ठेवलं. एक दात मागं. बसवताना ढील चुकीच्या बाजूला राहिली होती, टेन्शनरनं ओढली तसा कॅम सरकला. मला ओरडले नाहीत. सगळं खोलायला लावलं, परत बसवायला लावलं, दोन फेऱ्या मोजायला लावल्या, आणि त्या दिवशीच्या मजुरीतला माझा वाटा दिला नाही.

दोन फेऱ्या फिरवल्यावर बेल्टवर रंगवलेल्या रेघा जुळत नाहीत! चुकलं का?

बहुतेक नाही. दर महिन्याला एखादा तरी फोन याचा असतो. पुलीच्या खुणा दोन फेऱ्यांत जागेवर येतात. बेल्टवर तुम्ही व्हाइटनरनं मारलेल्या रेघा येत नाहीत, कारण बेल्टचे एकूण दात दोन फेऱ्यांत पुढं सरकणाऱ्या दातांपेक्षा जास्त असतात. बेल्टवरची रेघ बसवण्यापुरती. तपासायचं ते पुली आणि इंजिनच्या अंगावरच्या खुणांवर.

टायमिंग बेल्ट किती ताणायचा?

स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर ताण स्प्रिंग ठरवते, तुम्ही नाही. दोन फेऱ्यांनंतर बोल्ट आवळायचा, बस्स. स्वतःच्या अकलेनं पेचकसानं रेटून वर आणखी ताण देणारे फिटर मी बघितलेत. मग इंजिनमधनं शिट्टीसारखा सूर येतो आणि सहा महिन्यांत बेअरिंग जातं. ढिला राहिला तर बेल्ट कव्हरला आतून फटके मारतो, आणि थंड सकाळी किंवा उतारावर अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यावर दात उडी मारतो.

क्रँकचा बोल्ट मात्र टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना). तो ढिला राहिला की पुली हलत राहते, पुलीला जागेवर धरणारी आतली चावी खाच खाते, आणि शेवटी क्रँक बाहेर काढायची वेळ येते. उद्यमनगरात चांगल्या लेथवाल्यांची कमी नाही, पण ज्या कामासाठी त्यांच्याकडं जायचंच नव्हतं त्यासाठी कशाला जायचं?

सकाळी गाडी सुरू केली की ‘कीं…’ करून ओरडते. दोन मिनिटांनी थांबते. टायमिंग बेल्ट का?

नाही. दात असलेला बेल्ट असा ओरडत नाही. हा बाहेरचा, आणि त्यातही बहुधा अल्टरनेटरचा. रात्री बॅटरी उतरलेली, सेल्फनं आणखी उतरवली, आता अल्टरनेटर जोरात चार्ज करतोय, म्हणून पुली जड झालीय आणि ढिला बेल्ट तिच्यावर घसरतोय. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जुलैत आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही तेव्हा, निम्म्या गाड्या अशाच ओरडत बाहेर पडतात.

इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्यानं जोरात दाबा. सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडा कमी दबला तर ठीक. इंचभर आत गेला तर ढिला. वायरसारखा ताठ असेल तर अल्टरनेटरच्या, पंपाच्या बेअरिंगवर भार येतोय. ताण देताना अल्टरनेटरला लाकडी दांडक्यानं रेटा, लोखंडी पहार त्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर टेकवू नका. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत बसून जरा ढिला होतो, म्हणून आठवड्यानं पुन्हा एकदा बघायचा.

रिब बेल्ट असेल तर पाण्याची साधी परीक्षा आहे. इंजिन सुरू असताना लांबूनच रेघांच्या बाजूला थोडं पाणी मारा. हात, ओढणी, गळ्यातला टॉवेल लांब. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, घसरतोय. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. दोन्हींतलं काहीच झालं नाही, आवाज तसाच राहिला, तर बेअरिंगकडं बघा.

भेगा नाहीत म्हणून रिब बेल्ट चांगला, असंही धरू नका. जुन्या प्रकारच्या रबराला भेगा पडायच्या. अलीकडच्या बेल्टचं रबर भेगा न पडता झिजतं, सायकलच्या टायरसारखं. रेघांच्या मधली खोली कमी झाली की तो पुलीच्या तळाला टेकतो आणि घसरतो.

मीटर असेल तर बॅटरीवर लावा : इंजिन चालू, हेडलाइट चालू, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बेल्ट ताठ आहे आणि तरी तेराच्या खाली असेल तर दुखणं अल्टरनेटरचं.

ओरडणाऱ्या बेल्टला साबण, पावडर, स्प्रे लावला तर?

आवाज दोन दिवस थांबेल. टायमिंग बेल्टच्या जवळपास यातलं काहीही नेऊ नका.

रस्त्यात बाहेरचा बेल्ट तुटला. गॅरेजपर्यंत नेता येईल का?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की समजायचं. आता प्रश्न एकच : तोच पट्टा वॉटर पंपही फिरवत होता का? मारुती ८०० मध्ये फिरवतो. म्हणजे गाडी तिथंच उभी करा. टेम्परेचरचा काटा चढायला फार वेळ लागत नाही आणि मग हेड वाकतं. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर दिवसा, लाइट-एसी-रेडिओ बंद ठेवून, बॅटरीच्या जोरावर काही किलोमीटर जाता येतं. तुटलेला एसीचा किंवा स्टिअरिंगचा वेगळा बेल्ट असेल तर त्याचे तुकडे काढून टाका, कुठं अडकू देऊ नका, आणि सावकाश या.

ओढणी बांधून, नायलॉनची दोरी बांधून गाडी आणल्याच्या गोष्टी घाटातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात. जुन्या व्ही-पुलीवर पाच-दहा मिनिटं ते जमत असेल. रिब पुलीवर ते विसरा.

गाडी पुराच्या पाण्यात होती. बेल्टला काय होतं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, तेव्हा गल्लीतल्या गाड्यांचं काय झालं असेल बघा. आमच्या दारात महिनाभर रांग होती. बहुतेकांनी ऑइल बदललं, सीट वाळवल्या, आणि बेल्टचं कव्हर कुणी खोललं नाही. आत नदीचा गाळ. बारीक रेती दातांच्या खोबणीत बसून पॉलिश पेपरसारखं काम करते, आणि टेन्शनरच्या बेअरिंगमधलं ग्रीस पाण्यानं दुधासारखं पांढरं होतं. त्या गाड्या पुढच्या दिवाळीपर्यंत एकेक करून आवाज करत परत आल्या.

चाकाच्या निम्म्यापेक्षा वर पाणी चढलं असेल तर सेल्फ मारू नका, गाडी ओढून आणा. एअर फिल्टर आणि प्लग आधी बघायचे, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर बेल्टचा प्रश्न नंतरचा. मग कव्हर काढून धुवायचं, बेअरिंग बदलायचंच, आणि बेल्टला तीन-चार वर्षं झाली असतील तर तोही.

बॅटरी उतरली की धक्का मारून सुरू करतो. चालतं ना?

बेल्ट नवा असेल तर कधीमधी. सहा-सात वर्षांच्या बेल्टला क्लच सोडतानाचा तो झटका सोसेलच असं नाही. जंपर केबल घेऊन ठेवा.

गॅरेजवाल्याला काय विचारावं म्हणजे फसवणूक होणार नाही?

कुठल्या कंपनीचा बेल्ट टाकणार, सांगितलेला खर्च टेन्शनर धरून का न धरून, सील धरून का न धरून, आणि जुने पार्ट परत देणार का. “जुने कशाला पाहिजेत?” असं उलट विचारणाऱ्याकडं गाडी सोडायच्या आधी दोनदा विचार करा. फार सूक्ष्म प्रश्नही विचारू नका. मेस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून टॉर्कचे आकडे वाचून दाखवणारं गिऱ्हाईक असलं की हातातला बोल्ट हमखास खाली पडतो.

काढलेले जुने बेल्ट डिकीत ठेवू का, अडीअडचणीला?

बाहेरचा बेल्ट अजून धड असेल तर ठेवा. सरळ गोल गुंडाळून, कापडी पिशवीत, जॅकच्या हँडलखाली दबणार नाही असा. बरोबर त्याच्या बोल्टला लागणारे दोन पाने. जुना टायमिंग बेल्ट ठेवायचा नाही. मी तो कात्रीनं कापूनच हातात देतो. एकदा न कापता दिला होता, तर आठ महिन्यांनी तोच पट्टा, “नवाच हाय, वापरलाच न्हाई” म्हणून, दुसऱ्याच माणसाच्या झेनमध्ये बसवायला माझ्याकडं आला.